निरोप जेथें थांबत नाहीं

पायाच्या अंगठ्याला ठेंच लागली आणि ती चिघळली, कीं दोन दिवसांत जांघेंत एक दुखरी गांठ हाताला लागते. घरांतील वडीलधारीं माणसें तिला अवधाण म्हणतात आणि पायाकडे लक्ष द्या म्हणजे तें आपोआप बसेल, असें सांगून मोकळीं होतात. त्यांचें सांगणें बहुधा खरें ठरतें. ठेंच भरून आली कीं आठपंधरा दिवसांत गांठ जिरते आणि ती कधीं होती याची आठवणहि राहत नाहीं. या साध्या अनुभवांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जखम अंगठ्याला, मग गांठ जांघेंत कां? आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, वाढलेली गांठ पुन्हां लहान होते ती कोणाच्या सांगण्यावरून? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याला कळलें, त्याला लिंफोमा नांवाच्या कर्करोगाचें अर्धें मर्म कळलें. कारण लिंफोमा हें एका अर्थीं न बसणारें अवधाण होय.

मनुष्याच्या शरीरांत लहानमोठ्या मिळून सुमारें पांचसहाशें लसिकाग्रंथी आहेत. मानेंतल्या, काखेंतल्या व जांघेंतल्या कांहीं हातास लागतात; छातींतल्या व पोटांतल्या खोल असतात. शरीराच्या त्या त्या भागांतून झिरपणारा पाण्यासारखा रस या ग्रंथींतून गाळला जाऊन पुढें जातो. अंगठ्यांतील जंतूंचे अवशेष या रसाबरोबर जांघेंत पोंचतात आणि तेथें वास करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या दृष्टीस पडतात. यांतील 'बी' जातीच्या पेशी जंतूंना चिकटणारीं प्रतिद्रव्यें तयार करतात. 'टी' जातीच्या पेशींपैकीं कांहीं शत्रूला स्वतः मारतात, तर कांहीं बी-पेशींना साहाय्य व आज्ञा देतात. लक्षावधि बी-पेशींपैकीं ज्या मोजक्या पेशींना तो विशिष्ट जंतु ओळखतां येतो, त्यांनाच हें साहाय्य मिळतें. मग त्या भराभर वाढूं लागतात. ग्रंथीच्या आंत त्यांच्या वसाहती होतात. त्यांना अंकुरकेंद्रें असें म्हणतात. तेथें एका पेशीच्या दोन पेशी होण्यास अर्धा दिवसहि पुरतो. इतक्या वेगानें वाढणाऱ्या पेशी मनुष्यशरीरांत फार थोड्या आहेत. जांघेंत लागते ती गांठ हीच.

या वसाहतींत आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. आपलें प्रतिद्रव्य शत्रूला अधिक घट्ट बसावें म्हणून बी-पेशी स्वतःच्याच जनुकांच्या मजकुरांत हेतुपूर्वक फेरफार करतात. ज्या पेशीचा फेरफार साधला ती राहते. जिचा फसला ती मरते. येथें हें ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, मरण हाच बी-पेशीचा स्वाभाविक शेवट आहे आणि जगणें ही तिला शेजाऱ्यांकडून मिळणारी परवानगी आहे. ती परवानगी वेळोवेळीं नवी करून घ्यावी लागते. अंगठ्यांतील जंतु संपले कीं परवानगी मिळेनाशी होते, वसाहत ओस पडते आणि अवधाण बसतें. मात्र जी पेशी अतिशय वेगानें वाढते व स्वतःचाच मजकूर खोडून पुन्हां लिहिते, तिच्या हातून एखादे वेळीं भलत्याच ओळीवर लेखणी फिरण्याचा संभव असतो. बहुसंख्य लिंफोमे बी-पेशींपासून कां उत्पन्न होतात, याचें एक मोठें कारण हें आहे.

ही परवानगी पोंचविणारे जे रेणु, त्यांना सायटोकाइन असें सामान्य नांव आहे. मराठींत त्यांना निरोपे म्हणण्यास हरकत नाहीं. यांतील इंटरफेरॉन हा 1957 सालीं आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं लंडन येथें शोधून काढला. पांढऱ्या पेशींनीं एकमेकींस धाडलेल्या निरोप्यांना इंटरल्यूकिन हें नांव 1979 सालीं मिळालें, आणि त्यांना क्रमांक देण्याची पद्धति रूढ झाली. जपानांतील किशिमोतो व हिरानो यांनीं 1986 सालीं ज्या रेणूचें जनुक वेगळें काढलें, तो पुढें इंटरल्यूकिन-6 म्हणून प्रसिद्धीस आला. बी-पेशीनें प्रतिद्रव्यें करण्यास लागावें हा त्याचा एक निरोप. परंतु यकृतास, अस्थिमज्जेस व मेंदूसहि तो निरनिराळे निरोप देतो, हें मागाहून उघड झालें.

निरोप पेशीच्या आंत कसा शिरतो हें समजण्यासाठीं पुण्यांतील एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. निरोप्या वाड्यांत येत नाहीं. तो दिंडीदरवाज्याची कडी वाजवून थांबतो. ही कडी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिन. कडी वाजली कीं ओसरीवर निजलेला गडी जागा होतो. त्याला शास्त्रज्ञ 'जॅक' म्हणतात. गडी कारकुनाला हालवून उठवितो. त्या कारकुनाचें नांव 'स्टॅट'. कारकून उठून थेट माजघरांत, म्हणजे पेशीच्या केंद्रकांत, जातो आणि तेथील जनुकांच्या वहींतलें नेमकें पान उघडतो. त्या पानावर 'वाढ', 'जग' किंवा 'अमुक प्रथिन तयार कर' अशी आज्ञा लिहिलेली असते. वाड्याला दुसराहि एक दरवाजा आहे. जंतु ओळखणारें बी-पेशीचें स्वतःचें ग्राहक प्रथिन त्या दरवाज्यावर असतें, आणि तेथून निघालेली वर्दी अनेकांच्या हातांतून 'एनएफ-कप्पा-बी' नांवाच्या दुसऱ्या कारकुनापर्यंत जाते. सुव्यवस्थित वाड्यांत गड्याला पुन्हां निजविण्याचीहि सोय असते. निरोप पोंचला कीं थोड्याच वेळांत तो विझविणारीं प्रथिनें पुढें येतात आणि वही मिटली जाते.

लिंफोमामध्यें बिघडते ती हीच व्यवस्था, आणि ती बिघडण्याच्या मुख्य तऱ्हा तीन आहेत. एक, बाहेरचा कोणी कडी वाजवीतच राहतो. दोन, घरांतलाच माणूस बाहेर येऊन आपल्याच दाराची कडी वाजवितो. तीन, कोणीहि कडी वाजविली नसतां ओसरीवरचीं माणसें वर्दी देत सुटतात. पुष्कळशा रोग्यांत या तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या असतात. तथापि त्या निरनिराळ्या पाहिल्या म्हणजे उपचारांतील भेद स्पष्ट होतात.

पहिल्या तऱ्हेचें सर्वांत बोलकें उदाहरण जठरांत सांपडतें. निरोगी जठरांत लसिकापेशींच्या वसाहती नसतात. परंतु हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु तेथें वर्षानुवर्षें ठाण मांडून बसला, कीं त्याच्याशीं झगडण्यासाठीं पांढऱ्या पेशी जमतात, आणि झगडा संपत नसल्यामुळें वसाहत कायम होते. कांहीं थोड्या रोग्यांत तीमधूनच एक मंदगति लिंफोमा निघतो. लंडन येथील वदरस्पून, आयझॅकसन व त्यांचे सहकारी यांनीं 1991 सालीं असें दाखविलें कीं, असा लिंफोमा झालेल्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जणांच्या जठरांत हा जंतु असतो. मग 1993 सालीं त्यांनीं सहा रोग्यांस केवळ जंतुनाशक औषधें दिलीं, आणि त्यांपैकीं पांच जणांचा लिंफोमा मागें हटला. कर्करोगाच्या पेशींना त्या औषधांनीं स्पर्शहि केला नव्हता. दारावरची कडी वाजविणारा तेवढा नाहींसा झाला होता.

त्याच सुमारास प्रयोगशाळेंत झालेलें एक निरीक्षण तर अधिकच मार्मिक आहे. अशा लिंफोमाच्या पेशी कांचेच्या भांड्यांत ठेवून त्यांत मारलेले जंतु घातले, तर पेशी वाढतात. पण त्या मिश्रणांतून टी-पेशी आधीं काढून टाकल्या, तर जंतु घालूनहि वाढ होत नाहीं. याचा अर्थ असा कीं, कर्करोगाच्या पेशीला जंतूचा उपयोग प्रत्यक्ष नव्हता. जंतु पाहून टी-पेशी उत्तेजित होत आणि त्यांनीं दिलेल्या निरोपांवर लिंफोमा पोसला जाई. म्हणजे शरीराचे पहारेकरी प्रामाणिकपणें आपलें काम करीत होते, आणि त्या कामाचाच फायदा रोग घेत होता.

अंकुरकेंद्रांतून निघणारा 'फॉलिक्युलर' लिंफोमाहि असाच परावलंबी आहे. त्यांतील बहुतेक पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन 'बीसीएल-2' नांवाचें मृत्युरोधक प्रथिन अमर्याद तयार होऊं लागतें. इतकें झाल्यावर त्या पेशीला कोणाच्या परवानगीची गरज उरूं नये, असें वाटेल. तरीहि तिच्या भोंवतीं साहाय्यक टी-पेशींचा घेर असतो. त्या इंटरल्यूकिन-4 सोडतात आणि आपल्या अंगावरील 'सीडी-40'चा जोडीदार रेणु तिच्या ग्राहकाला लावतात. या दोन निरोपांवांचून ती फार काळ तग धरीत नाहीं.

शरीराबाहेर पेशी वाढवून पाहणें, हेंच या सर्व ज्ञानाचें साधन आहे, आणि त्या साधनाशीं पुण्याचा संबंध जुना व जवळचा आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म पुण्यांत 8 नोव्हेंबर 1917 रोजीं झाला. हुजूरपागेंत आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं कर्करोगावर संशोधन केलें आणि 1949 सालीं डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं काम केलें. याच गाय यांनीं 1951 सालीं मनुष्याच्या कर्करोगपेशींचा पहिला चिरंतन वंश वाढविला होता. परत आल्यावर रणदिवे यांनीं मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतांतील अशा प्रकारची ती पहिली मानली जाते. 1982 सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. 2001 सालीं त्यांचें निधन झालें.

पुण्यांत गणेशखिंडीस विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. त्याचा आरंभ 1986 सालीं प्राण्यांच्या ऊतींच्या व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सोय म्हणून झाला. द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं 196 अंशांवर, निरनिराळ्या पेशींचे वंश गोठवून ठेवणें आणि ते देशांतील प्रयोगशाळांना पुरविणें हें या संस्थेचें मूळ कार्य. गोठविलेली पेशी जागी केली म्हणजे तिला 37 अंशांची ऊब, साखर, क्षार आणि वासराच्या रक्तांतील निवळ द्यावी लागते. त्या निवळींत वाढीचे अनेक निरोपे असतात. परंतु कर्करोगाचे असे वंश, जे वर्षानुवर्षें भांड्यांत वाढत राहतात, ते अपवादात्मक होत. रोग्याच्या गांठींतून नुकत्याच काढलेल्या मंदगति लिंफोमाच्या पेशी तितकेंच अन्न व तितकीच ऊब देऊनहि बहुधा थोड्याच दिवसांत मरतात. सीडी-40ला चेतविणाऱ्या पेशी आणि इंटरल्यूकिन-4 यांची जोड दिली, तर त्या अधिक दिवस जगतात व वाढतातहि. जी पेशी रोग्याच्या शरीरांत अजिंक्य वाटते, ती शेजाऱ्यांपासून तोडली कीं निराधार होते. आजचे अनेक उपचार या एका निरीक्षणावर उभे आहेत.

दुसऱ्या तऱ्हेचें उदाहरण म्हणून हॉजकिनच्या रोगाकडे पाहावें. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनीं 1832 सालीं त्याचें वर्णन केलें. त्यांतील विशिष्ट थोराड पेशींचें वर्णन 1898 सालीं कार्ल स्टर्नबर्ग यांनीं आणि 1902 सालीं डोरोथी रीड यांनीं केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं ही गांठ पाहिली तर प्रथम कोणीहि चकित होतें. कारण सबंध गांठींत कर्करोगाच्या पेशी पुष्कळदां शेंकड्यांत एखाददुसरीच असते. बाकी सारी गर्दी निरोगी पांढऱ्या पेशींची. ही गर्दी त्या थोराड पेशीनेंच बोलाविलेली असते. ती निरनिराळे निरोपे सोडून आपल्याला उपयोगी पडणारे शेजारी गोळा करते, आणि त्या शेजाऱ्यांकडून जगण्याचे निरोप मिळविते. शिवाय ती इंटरल्यूकिन-13 तयार करते आणि तो ओळखणारा ग्राहकहि तिच्याच अंगावर असतो. आपल्याच दाराची कडी आपणच वाजविणें तें हेंच. पुष्कळशा रोग्यांत ओसरीवरील गड्याला पुन्हां निजविणारें प्रथिनहि बिघडलेलें आढळतें, त्यामुळें एकदां दिलेली वर्दी विझत नाहीं.

तिसरी तऱ्हा अधिक घातक. बी-पेशींचा जो लिंफोमा सर्वांत अधिक आढळतो, तो बाहेरून एकच दिसला तरी आंतून एक नाहीं, हें अमेरिकेंतील अलिझादे, स्टाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2000 सालीं जनुकांच्या चाचणीवरून दाखविलें. त्यांपैकीं एका प्रकारांत एनएफ-कप्पा-बी हा कारकून अहोरात्र जागा असतो. 2011 सालीं त्याचें एक कारण हातीं लागलें. 'एमवायडी-88' नांवाच्या वर्दी देणाऱ्या प्रथिनांत एका ठराविक जागीं एक अक्षर बदललेलें असतें, आणि या प्रकारच्या सुमारें शेंकडा तीस रोग्यांत तो बदल सांपडतो. तेवढ्या एका चुकीनें कडी न वाजतांच वर्दी निघते. जागा झालेला हा कारकून वहींतून इंटरल्यूकिन-6 आणि इंटरल्यूकिन-10 यांचीं पानें उघडतो. ते निरोपे बाहेर पडतात आणि त्याच पेशीची दुसऱ्या दरवाज्याची कडी वाजवितात. अशा रीतीनें तिसरी तऱ्हा दुसरीला जन्म देते आणि चक्र पुरें होतें.

रोग वाढविणारे निरोप सांपडले, तर ते अडवितां येतील काय? येथें वैद्यकाच्या इतिहासांतील एक जुनी नोंद उपयोगी पडली. अमेरिकन डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनीं 1952 सालीं एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्याला वारंवार जंतुदोष होई आणि त्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें जवळजवळ नव्हतींच. पुढें 1993 सालीं या व्याधीचें मूळ एका प्रथिनाच्या बिघाडांत सांपडलें आणि त्या प्रथिनाला ब्रूटन यांचेंच नांव मिळालें. जें प्रथिन नसल्यामुळें मुलाच्या शरीरांत बी-पेशी वाढूं शकल्या नाहींत, तेंच प्रथिन औषधानें रोखलें तर रोगट बी-पेशींचीहि वाढ थांबावी, हा तर्क सरळ होता. इब्रूटिनिब हें औषध याच तर्कावर तयार झालें आणि 2013 सालीं अमेरिकेंत एका लिंफोमासाठीं प्रथम मान्य झालें. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत, ज्या प्रकारांत कारकून अहोरात्र जागा असतो त्यांतील शेंकडा 37 रोग्यांना त्याचा गुण आला. सूक्ष्मदर्शकाखालीं तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारांत शेंकडा 5 जणांनाच आला. एका रोग्याचें औषध दुसऱ्याला कां चालत नाहीं, या प्रश्नाला इतकें नेमकें उत्तर पूर्वीं देतां येत नसे.

रोग्याला जाणवणारीं लक्षणेंहि या निरोप्यांचींच करणी आहे. संध्याकाळीं येणारा ताप, रात्रीं कपडे भिजविणारा घाम आणि सहा महिन्यांत दहांत एक भाग वजन घटणें, हीं तीन लक्षणें डॉक्टर आवर्जून विचारतात. इंटरल्यूकिन-6 व त्याचे सोबती मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणाऱ्या केंद्राला वरचा आंकडा धरावयास लावतात, म्हणून ताप येतो. यकृताला ते सीआरपीसारखीं प्रथिनें बनविण्यास सांगतात, म्हणून तपासणींत सीआरपी व ईएसआर वाढलेले दिसतात. लोह अडवून ठेवणारें द्रव्यहि यकृताकडून याच निरोपानें सुटतें, त्यामुळें पंडुरोग होतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनहि तो हटत नाहीं.

आपल्याकडे येथेंच घोंटाळा होतो; कारण ताप, घाम, रोडावणें आणि मानेंतील गांठी हींच क्षयाचीं लक्षणें आहेत. क्षयाचे जंतूहि हेच निरोप सुरू करतात. निरोप एकच असल्यामुळें लक्षणेंहि एकच. आपल्या देशांत क्षय अधिक, म्हणून प्रथम त्याचा संशय येणें स्वाभाविक आहे. परंतु पुरावा मिळाल्याखेरीज क्षयाचें औषध महिनेच्या महिने चालू ठेवणें धोक्याचें आहे. जी गांठ दुखत नाहीं, रबरासारखी लागते, चार ते सहा आठवड्यांत जिरत नाहीं किंवा गळ्याच्या हाडाच्या वर आहे, तिचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. नुसत्या सुईनें घेतलेला नमुना लिंफोमाचा प्रकार ठरविण्यास पुष्कळदां अपुरा पडतो. शक्य तेथें सबंध ग्रंथि काढून पाहणें उत्तम. त्यापूर्वीं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, तर त्या लसिकापेशींना मारतात व त्यांचे निरोप दाबतात. गांठ तात्पुरती लहान होते, रोग्याला बरें वाटतें, आणि तपासणींत रोगाचा माग लागत नाहीं. या क्षणिक आरामापायीं गेलेला काळ परत मिळत नाहीं. हॉजकिनच्या रोगांत योग्य उपचारांनीं बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात आणि शीघ्रगति बी-पेशींच्या लिंफोमांतहि निम्म्याहून अधिक बरे होतात. म्हणून तर या विलंबाची किंमत मोठी.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. कर्करोगाचें नांव निघालें कीं आप्तेष्ट मंडळी प्रतिकारशक्ति वाढविण्याचा सल्ला देतात. काढे, चूर्णें, पुड्या आणि महागड्या बाटल्या घरांत येतात. रोग्याची प्रतिकारशक्ति कमी पडली म्हणून रोग झाला, असें गृहीत धरलेलें असतें, आणि त्यामागून नकळत दोषहि येतो : खाण्यापिण्याची हयगय झाली, काळजी घेतली नाहीं. वस्तुस्थिति एवढी सरळ नाहीं. प्रतिकारशक्ति खचलेल्यांना, म्हणजे एचआयव्ही झालेल्यांना अथवा मूत्रपिंडरोपणानंतर ती दाबणारीं औषधें घेणाऱ्यांना, लिंफोमा अधिक होतो हें खरें. परंतु ती वर्षानुवर्षें अकारण चेतलेली राहणाऱ्यांनाहि तो अधिक होतो. लालोत्पादक ग्रंथींवर शरीराचाच हल्ला होणाऱ्या श्योग्रेनच्या व्याधींत त्याच ग्रंथींत लिंफोमा उद्भवतो, हें त्याचें उदाहरण. प्रतिकारशक्ति ही टांकींतील पाण्यासारखी कमीअधिक करण्याची वस्तु नाहीं. ती असंख्य निरोपांची देवघेव आहे. कोणता निरोप, कोणाला, किती वेळ, याला महत्त्व आहे. लिंफोमांत तर रोगी पेशी स्वतःच त्या निरोपांवर जगत असते. रोग्यानें चौरस आहार घ्यावा, झोंप घ्यावी. पण एखाद्या चूर्णाच्या भरंवशावर डॉक्टरांची तारीख टाळूं नये, आणि घरच्यांनीं त्याच्या माथीं दोष मारूं नये.

नेमका निरोप नेमक्या जागीं दिला तर काय साधतें, याचा दाखला महाराष्ट्रांतच घडला आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यांतून रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांच्यांत नवें जनुक घालून, बी-पेशीवरील 'सीडी-19' ही खूण ओळखणारा ग्राहक त्यांना दिला जातो. त्या ग्राहकाचा आंतला भाग वर्दी देणारा असल्यामुळें खूण दिसतांच टी-पेशी चेतते, वाढते आणि लिंफोमाच्या पेशीला मारते. नेक्सकार-19 या नांवाच्या या उपचारास ऑक्टोबर 2023 मध्यें भारत सरकारच्या औषधनियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि 4 एप्रिल 2024 रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें मुंबईंत त्याचें लोकार्पण झालें. इतर उपचार हरलेल्या रोग्यांसाठीं तो आहे, आणि तो सर्वांनाच लागू पडत नाहीं.

या उपचारांतहि निरोप्यांचें दुसरें रूप प्रकट होतें. चेतलेल्या टी-पेशींबरोबर इंटरल्यूकिन-6चा लोंढा सुटतो. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, श्वास कोंडतो. 2012 सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर अशाच उपचारानंतर हा प्रसंग ओढवला. तिच्या रक्तांत इंटरल्यूकिन-6 अतोनात वाढल्याचें आढळलें. त्या निरोप्याची कडी झांकणारें, संधिवातासाठीं केलेलें टोसिलिझुमॅब हें औषध तिला देण्यांत आलें, आणि ती थोड्याच वेळांत सांवरली. आज या उपचाराच्या प्रसंगीं तें औषध हाताशीं ठेवण्यांत येतें. किशिमोतो यांनीं 1986 सालीं प्रयोगशाळेंत ज्या रेणूचा माग काढला, त्याची ओळख पंचवीस वर्षांनंतर एका मुलीच्या उशाशीं उपयोगी पडली.

जांघेंतलें अवधाण आठ दिवसांत बसतें तेव्हां त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. त्या आठ दिवसांत लाखों पेशी जन्मलेल्या असतात आणि परवानगी संपतांच बहुतेक साऱ्या निमूटपणें गेलेल्या असतात. शरीराचें आरोग्य जसें त्यांच्या येण्यावर, तसेंच त्यांच्या जाण्यावर अवलंबून आहे. ज्या घरांत एखादी गांठ दीड महिना होऊनहि बसलेली नाहीं, तेथें मात्र वाट पाहूं नये. कोणता निरोप थांबलेला नाहीं, हें त्या गांठीच्या तुकड्यावरून सांगतां येतें. आणि तें कळलें, तर तो थांबविण्याचे मार्ग आज पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक आहेत.